ठोंब्याचा उजवा हात

"याला अभ्यास म्हणायचं? त्यापेक्षा कपाटातली झुरळं जास्त अभ्यास करतात. निदान पुस्तकांत बसलेली तरी असतात."

बाबा बुटाची नाडी बांधत होते आणि हे सगळं बुटालाच सांगत होते. पडद्याच्या पलीकडे आई शिलाई मशीनवर वाकलेली. तिला शब्द न् शब्द ऐकू गेला. पण तिच्या तोंडात टाचण्या होत्या, मोजून पाच. तोंडात टाचण्या धरलेल्या बाईचं एक बरं असतं, तिला लगेच उत्तर द्यावं लागत नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात या टाचण्यांनी कितीतरी भांडणं वाचवली होती.

"परीक्षा सोळा दिवसांवर आली आणि आमची लेक बाहुलीशी खेळतेय," बाबांनी दुसऱ्या बुटाला सांगितलं. "येऊ दे आज दादाला. तोच सरळ करेल हिला."

दार आपटलं. बाबा थांब्यावर दादाला, थोरल्या लेकाला, आणायला गेले.

ज्या अभ्यासाची तक्रार चालली होती, तो मशीनच्या डाव्या बाजूला मुकाट चालला होता. बारकी नावाचीच बारकी, उंचीने घरात सगळ्यांच्या वर. ती ठोंब्यासमोर डोळे मिटून उभी होती. ठोंब्या म्हणजे आईचा कपडे बेतायचा पुतळा. राखाडी कापडाचा, पोटात भुसा, मुंडकं नाही. कामाच्या घरात इतकी वर्षं नुसता उभा राहतो म्हणून त्याचं नाव ठोंब्या. पुतळ्यांना हात नसतात, पण ठोंब्याला महिन्याभरापूर्वी उजवा हात फुटला होता. एका जुन्या कोटाची बाही, आत चिंध्या ठासून भरलेल्या, खांद्याला पक्की शिवलेली. त्या हातावरून निळे, पिवळे, लाल धागे फिरत होते. निळ्या रक्तवाहिन्या, पिवळ्या नसा. आणि लाल गाठी म्हणजे चुका.

"पिवळा दंडाच्या मागून गोल फिरतो," बारकी पुटपुटली, "आणि कोपराच्या वर बाहेरच्या अंगाने पुढे येतो." तिने डोळे उघडले, धागा टाचला, मग पुस्तक उघडून पडताळलं. "बरोबर! आई, बरोबर आलं!"

"हं," आई टाचण्यांतून म्हणाली. "आता उसव. परवा परत."

गोष्ट खरं तर टेबलापासून सुरू होते.

बाबा एका मोठ्या कचेरीत शिपाई. अठ्ठावीस वर्षं साहेबाच्या दाराबाहेर उभे. सतत उभं राहणाऱ्या माणसाला बसलेल्या माणसाबद्दल जे वाटतं ते त्यांनाही वाटायचं, की ज्ञान खुर्चीतून वर चढतं. कचेरीने जुनं सामान मोडीत काढलं तेव्हा त्यांनी साहेबाचं टेबल मागून घेतलं आणि हातगाडीवर स्वतः ढकलत घरी आणलं. तीन खणांचं, एका खणाला कुलूप. दोन खोल्यांच्या घरात ते टेबल म्हणजे दारात हत्ती बांधल्यासारखं. त्याला उजेड हवा म्हणून आईचं मशीन खिडकीतून उठलं आणि पडद्यामागे दिव्याखाली गेलं. आई तेव्हा काही बोलली नाही. तेव्हाही टाचण्या असतील तोंडात.

ते दादाचं टेबल. दादा शाळेत कायम पहिला. टेबलावरच्या भिंतीला त्याचं वेळापत्रक अजून चिकटवलेलं होतं, हिरव्या शाईत, पट्टीने आखलेलं. पहाटे साडेचार ते साडेसहा वाचन, सात ते नऊ वाचन, आणि मधल्या अर्ध्या तासाला 'इतर'. दात घासणं, अंघोळ, जेवण आणि हसणं हे सगळं त्या 'इतर'मध्ये. दादा इंजिनियरिंगला लांबच्या शहरात गेला आणि टेबल, वेळापत्रक, रंगीत पेनं, सगळं वारसाहक्काने बारकीकडे आलं. पिवळा रंग महत्त्वाचं, गुलाबी जास्त महत्त्वाचं, हिरवा अतिमहत्त्वाचं. बारकी इतकी मन लावून रंगवायची, की शेवटी पुस्तकात महत्त्वाचं नाही असं वाक्यच उरलं नाही.

बारकी फिजिओथेरपी शिकत होती. दिवसाचे आठ तास टेबलाशी. दारातून तिची पाठ दिसायची आणि बाबांच्या जिवाला थंडावा मिळायचा. शरीररचनेच्या पेपरात पहिल्या खेपेला एकोणीस गुण पडले. बाबा म्हणाले, बसणं कमी पडलं. मग ती दहा तास बसली.

कॉलेजमध्ये एक समुपदेशक बाई होत्या. बाई स्वभावाने गोड. त्यांनी बारकीला चाळीस प्रश्नांचा कागद दिला. नवीन फोन घेतलात तर पुस्तिका वाचता, कुणाला विचारता, की बटणं दाबून बघता? बारकीने 'कुणाला विचारते' यावर खूण केली, कारण घरात पुस्तिका नेहमी दादाच्या हातात असायची आणि बटणांना हात लावलेला बाबांना चालायचा नाही. अशा चाळीस खुणांवरून ठरलं की बारकी 'ऐकून शिकणारी'. मग तीन महिने कानात इयरफोनची बोंडं. तासांची ध्वनिमुद्रणं ऐकत जेवायची, ऐकत झोपायची. घरात हाक मारली तर ओ नाही. दुसऱ्या खेपेला बावीस गुण पडले.

"म्हणजे कानाचे तीन," आई तेव्हा मनात म्हणाली होती.

मग कॉलेजचं पत्र आलं. तिसरी खेप शेवटची. त्यातही गेली तर नाव कमी होणार. पालकांनी भेटावं. साहेबांकडे रजा मागायला बाबांना जड जातं, म्हणून आई गेली.

समुपदेशक बाईंच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. एक डोळा, एक कान, एक हात. त्याखाली तीन खाने आणि खान्यांत मुलांची नावं.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "हा अभ्यासक्रम हाताने शिकणाऱ्यांसाठी आहे. तुमची मुलगी ऐकून शिकणारी. तिचा दोष नाही, तिची जडणघडणच तशी आहे. तिसऱ्यांदा नापास होऊन नाव जाण्यापेक्षा आत्ताच दुसरीकडे वळवू. स्वागतकक्षाचा एक छान वर्षभराचा कोर्स आहे. फोन घेणं, लोकांशी बोलणं. मी अर्ज भरूनच ठेवलाय, फक्त तुमची सही."

बारकी नखाकडे बघत बसली होती. आईने अर्ज उचलला. शिंपी कापड बघतो तसा उजेडात धरून बघितला.

"बाई, एक विचारू? मी कपडे दुरुस्त करते. चेन बदलायची, कोट आत घ्यायचा, असलं. सुई बोथट झाली की मला आधी आवाजावरून कळतं. शिवण वाकडी चालली की डोळ्यांना कळतं. कापड ओढ खातंय हे बोटांना कळतं. मग मला कुठल्या खान्यात टाकाल?"

बाई हसल्या. "तुमचं वेगळं आहे. तुम्ही अनुभवी आहात."

"अनुभवी व्हायच्या आधी सातवी नापास होते. तेव्हा हा तक्ता असता तर कुठे टाकलं असतं मला, तेच बघतेय."

"अहो, तसं नाही..."

"आणि चाळीस प्रश्न विचारलेत तिला. त्यात खांद्याच्या हाडाबद्दल एकही नाही? ती त्यात नापास झालीय ना?"

बाईंनी कागद चाळला. खरंच एकही नव्हता.

आईने अर्ज परत टेबलावर ठेवला. "हा असाच छान दिसतो, बिनसहीचा. माझी मुलगी परीक्षा देणार."

बोलून तर गेली, पण पायऱ्या उतरताना तिने हिशेब मांडला. सातवी नापास बाई कॉलेजवाल्यांना सुनावून आली आणि पुढचा आराखडा म्हणाल तर डोक्यात अंधार.

"आई, काय करून बसलीस गं?" बारकी रडवेली झाली. "मला नाही येत ते. माझी जडणघडणच..."

"जडणघडण गेली खड्ड्यात. घरी चल."

घरी आल्यावर आईने पुस्तक बारकीच्या पुढ्यात ठेवलं. "वाच खांद्याचं." बारकीने वाचलं. आईने हात पुढे करून पुस्तक मिटलं. "आता सांग."

"मिटल्यावर कसं सांगू? उघडं असलं की सगळं येतं मला."

"उघडं असलं की शेजारच्या मांजरालाही येतं. मिटून सांग."

बारकीने तोंड उघडलं. दोन शब्द आले, तिसऱ्याला वाट सापडेना. दहा तासांचं बसणं, तीन रंग, तीन महिन्यांची बोंडं, आणि हाती आले दोन शब्द. ती घाबरून आईकडे बघत राहिली.

आई मात्र घाबरली नाही. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

"ऐक," ती म्हणाली. "मी शिंप्याच्या दुकानात बटणं लावायला होते ना, तेव्हा मला कॉलर शिकायची होती. शिकवणार कोण? मास्तर पाठ करून बसायचे. मी येताजाता काचेतले कोट बघायची. सहा महिने बघितले. डोळे मिटले की कॉलर दिसायची. म्हटलं, आली आपल्याला. कात्री हातात घेतली आणि काही म्हणजे काही येईना. मग एका गिऱ्हाइकाने टाकून दिलेला कोट घरी आणला आणि कॉलर उसवली. तुकडे नीट मांडले आणि न बघता परत शिवली. चुकली. परत उसवली. पाचव्या खेपेला बसली. बघताना सगळं सोपंच वाटतं गं. उसवलं की कळतं, आपल्याला नेमकं कुठलं येत नाही ते."

त्या कोटाच्या उरलेल्या बाहीचाच मग ठोंब्याचा हात झाला.

पद्धत आईची होती, म्हणजे दुरुस्तीवालीची. आधी वाचायचं, पुस्तक मिटायचं, न बघता हातावर धागे टाचायचे. मग पुस्तक उघडायचं. जिथे चुकलं तिथे लाल गाठ मारायची. सगळे धागे उसवायचे, गाठ ठेवायची. लगेच दुसऱ्यांदा करायचं नाही.

"का पण? आत्ता करते की, डोक्यात ताजं आहे," बारकी पहिल्यांदा म्हणाली होती.

"ताजं आहे म्हणूनच नको. इस्त्री केल्या केल्या सगळेच कपडे सरळ दिसतात. दोन दिवस घालून बघ, मग सांग. परवा आलं, मग परत चार दिवसांनी आलं, की गाठ सोडवायची."

रोज एकच अवयव घोटायचा नाही, हेही आईचंच. आज खांदा, मग मनगट, परत थोडा खांदा. आईकडे एका दिवसात दहा गिऱ्हाइकं दहा तऱ्हेचे कपडे आणतात, कुणी रांगेने सगळ्या चेनाच आणत नाही. परीक्षासुद्धा नसेल आणत. आणि रात्री दहाला दिवा बंद. पेंगत शिवलेली शिवण सकाळी उसवावी लागते, त्यापेक्षा झोपावं.

सगळ्यात अवघड भाग आईचे प्रश्न. आईला शरीररचनेतलं ओ की ठो कळत नव्हतं आणि तेच कामाला आलं.

"ही पिवळी दंडामागून जाते म्हणतेस. बरं. समजा, एखाद्याचं दंडाचं हाड तिथेच मोडलं आणि ही दुखावली. त्याचं काय होईल?"

"पुस्तकात रेडियल नर्व्ह असं..."

"मला पुस्तकातलं नको. तो माणूस माझ्याकडे कपडे घेऊन आला तर मला काय दिसेल?"

बारकीने स्वतःचा हात पुढे धरला, धाग्यावरून बोट फिरवत मनगटापर्यंत आणलं आणि एकदम तिचं मनगट लोंबलं. "खाली पडेल! मनगट वर उचलताच येणार नाही त्याला. असं, बघ!" ती हसत सुटली. मनगट लोंबकळवत घरभर फिरली. त्या दिवशी आईला पहिल्यांदा वाटलं, की ही पोरगी पास होते.

महिन्याभरात चौतीस लाल गाठींच्या अकरा राहिल्या. बाबांना मात्र गाठी दिसत नव्हत्या. त्यांना फक्त रिकामी खुर्ची दिसत होती.

दार वाजलं. बाबा दादाची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन आत आले, मागोमाग दादा. जरा वाळला होता. आईच्या पाया पडायला वाकला तेव्हा आईने त्याचे हात हातात धरले. बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा होत्या, खोकी बांधणाऱ्यांच्या हाताला पट्टीने पडतात तशा. मागच्या वेळी तो आला तेव्हा त्याचा शर्ट तिने धुतला होता. खिशावर एक चौकोन बाकीच्या कापडापेक्षा गडद होता आणि कडेने सुईची भोकं. कसला तरी बिल्ला उसवून काढलेला. विद्यार्थी खिशावर बिल्ला शिवत नाहीत. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं, पण शिवणारणीपासून उसवलेलं काय लपणार?

बारकीला वेगळ्या वाटेने कळलं होतं. तिने एकदा वसतिगृहात फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, असं कुणी इथे दीड वर्षापासून राहत नाही. आणि बाबांचं म्हणाल, तर टेबलाच्या कुलपाच्या खणात दादाच्या कॉलेजहून आलेलं एक लांब पाकीट होतं आणि किल्ली बाबांच्या कचेरीच्या जुडग्यात. तिघांना तीन वाटांनी कळलं होतं आणि चौथ्याला कळलं होतं की यांना कळलंय. तरी जेवायला बसलं की बाबा विचारायचे, "प्रोजेक्ट कसं काय?" आणि दादा म्हणायचा, "चाललंय."

"दादा, ये," बाबा टेबलाची खुर्ची ओढत म्हणाले. "बस तुझ्या जागेवर. आणि या तुझ्या बहिणीला सांग अभ्यास कसा करतात. सोळा दिवस राहिलेत आणि ही धागे खेळतेय."

दादा बसला नाही. ठोंब्याच्या हाताकडे बघत राहिला. "हे काय गं?"

"हात," बारकी म्हणाली. "मला सगळा येतो. अकरा गाठी सोडून. विचार हवं तर."

"विचारायचं काय त्यात?" बाबांचा आवाज चढला. "अभ्यास म्हणजे बैठक! हा नऊ नऊ तास मान वर करायचा नाही. ते वेळापत्रक बघ, त्यात कुठे लिहिलंय बाहुली?" आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी ठोंब्याला कमरेत धरून उचललं आणि दाराबाहेर नेलं. ठोंब्याचा धागेवाला हात त्यांच्या पाठीवर आपटत होता, जणू शाबासकी देत होता. जिन्याखालच्या अडगळीचं दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, कडी घातल्याचा आला.

बाबा हात झटकत परत आले. "बस आता इथे."

"नाही बसणार," बारकी म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"नाही बसणार, बाबा. दोन वेळा बसले मी. तुम्ही म्हणालात तेवढी बसले. माझी शेवटची परीक्षा आहे, तुमची नाही. ठोंब्या आणा."

या घरात असं कुणी बोललं नव्हतं. बाबांनी आईकडे बघितलं, म्हणजे आवर हिला.

आई मशीनवरून उठली. तिने कापायचं कापड उचललं, लांब निळा तागा, आणि टेबलापाशी आली. रंगीत पेनं बाजूला सारली आणि तागा त्या टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला. मग हात वर करून हिरव्या शाईचं वेळापत्रक भिंतीवरून सोलून काढलं. तेवढ्या जागेचा रंग कोरा करकरीत निघाला.

"अगं, डोकं फिरलं का तुझं? काय चाललंय?"

तोंडात टाचण्या होत्या. तिने मानेनेच सांगितलं, की कापायचं टेबल आहे हे आता.

बाबा कापडावर हात आपटून म्हणाले, "या टेबलाला हात लावायचा नाही! या टेबलावर बसून माझा मुलगा इंजिनियर होतोय!"

बारकीने दादाकडे बघितलं नाही. आईनेही नाही. बाबांचा हात कापडावर तसाच राहिला आणि ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते त्यांना सुचेना.

आईने पहिली टाचणी तोंडातून काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. दुसरी काढली. बोलायचं तर लेकाला उघडं पाडायचं, त्याच्यासमोर, त्याच्या टेबलाशी. न बोलायचं तर बारकी त्या खुर्चीत जाऊन बसणार आणि सोळा दिवसांनी तिचं नाव जाणार. तिसरी. चौथी. एका पोराचा पडदा फाडून दुसऱ्या पोराला अंगरखा शिवायचा, असलं माप तिने आयुष्यात घेतलं नव्हतं. तिने पाचवी काढली, खोचली, श्वास घेतला.

"आई, थांब," दादा म्हणाला.

तो दारापर्यंत गेला होता. अडगळीची कडी काढायला निघालेला माणूस उंबऱ्यात थांबतो, तसा तिथे थांबला होता.

"मी इंजिनियर होत नाहीये, बाबा. तीन वेळा नापास झालो. दीड वर्ष झालं, गोदामात खोकी बांधतो. याच टेबलावर शिकलो तसाच कॉलेजातही बसायचो, नऊ नऊ तास, सगळं रंगवून. पुस्तक मिटून बघायची हिंमत एकदाही झाली नाही माझी. तिची झालीय. तिचा ठोंब्या तिला आणून देतो मी."